गणपतीच्या आधीचे शंभर दिवस

प्रति,
जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघं चिंचवडहून स्टुटगार्टला आलो. बायकोला इथे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत नोकरी लागली होती. मुलगी पाच वर्षांची होती, मुलगा नुकताच दोन पूर्ण झालेला. मी निगडीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचो, ती नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आलो. तुमची-आमची पहिली भेट झाली ती त्या वर्षीच्या गणपतीत. चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी होती, म्हणून कार्यक्रम त्या आठवड्याच्या शनिवारी ठेवला होता. भाड्याचा हॉल, दाराशी बुटांचा ढीग, आत टाळांचा आवाज, मोठ्या पातेल्यात मसालेभात. दोनशेच्या वर माणसं असतील. मुलगी माझा हात सोडून पळाली आणि दहा मिनिटांत ओळखीच्या ना पाळखीच्या मुलींबरोबर खेळायला लागली, चक्क मराठीत. जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, हे सगळे इतके दिवस कुठे होते?"

तिच्या त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहितो आहे. दोन वर्षांहून जास्त काळ तो माझ्या डोक्यात आहे. आता मीही वर्गणी भरणारा सभासद आहे, खुर्च्या लावतो, पातेली घासतो. म्हणजे तिच्या 'हे सगळे' मध्ये मीही आलो. तेव्हा हा बाहेरच्याने लावलेला बोल समजू नका. घरातल्या माणसाने घरात बोलावं तसं बोलतो आहे, फक्त जरा मोठ्याने, कारण इतर शहरांतल्या चार-पाच कुटुंबांशी बोललो तर त्यांचीही हीच कहाणी निघाली.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. लहान मुलं घेऊन आलेल्या कुटुंबाची खरी कसोटी पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत लागते, तीही सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात. त्या वेळात मंडळाचं कोणी भेटत नाही. मंडळ भेटतं ते सणाला, आणि तोवर ते कुटुंब एक तर कसंबसं सावरलेलं असतं किंवा आतून पार थकलेलं असतं. मंडळाने आपलं थोडंसं बळ सणावरून काढून या शंभर दिवसांवर लावावं, एवढं मागतो आहे.

आमचे शंभर दिवस कसे गेले ते सांगतो. त्यात विशेष असं काही नाही, तुमच्यातल्या अनेकांचे असेच गेले असतील.

आल्या आल्या पत्त्याची नोंदणी करावी लागते, आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आमचं पहिलं घर महिनाभरासाठी घेतलेलं होतं, तो मालक सही द्यायला तयार होईना. नोंदणी नाही म्हणून मुलांची नावं किटाच्या यादीत लागेनात. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. किटा नाही म्हणून मला जर्मनच्या वर्गाला जाता येईना, कारण वर्ग सकाळी आणि मुलगा कडेवर. भाषा नाही म्हणून नोकरी नाही, आणि आमच्या भागात लहान मुलांना जागा देताना दोघंही नोकरी करणाऱ्या आई-बापांना आधी धरतात. गणिताच्या मास्तराला हे कोडं सुटू नये याचं फार वाईट वाटायचं. वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला इथे २०१३ च्या ऑगस्टपासून कायद्याने जागेचा हक्क आहे. प्रत्यक्षात मुलीला जागा मिळाली चार महिन्यांनी, मुलाला अकरा महिन्यांनी.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, आलेल्या माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्या दिवसापासून काम करायची मुभा असते. ही मोठी सवलत आहे, तिच्यामुळेच आम्ही एकत्र येऊ शकलो. पण त्याच सवलतीमुळे माझ्यासारखा माणूस 'गुटन टाग'पलीकडे एक शब्द न येता इथे उतरतो. बायकोचं कामाच्या ठिकाणी इंग्रजीत भागतं. डॉक्टरचा फोन, किटाचं पत्र, शेजारणीचं बोलणं, हे सगळं मात्र घरी बसणाऱ्याच्या वाट्याला येतं, ज्याला भाषेतलं काहीच येत नाही.

मार्च महिन्यातल्या एका रात्रीची गोष्ट सांगतो. मुलगा तापाने फणफणला होता. आमचा थर्मामीटर घरून आणलेला, फॅरनहाइटचा. त्यात १०४ दिसत होते. रात्रीचे दोन वाजलेले, मी घाबरून ११२ लावला. पलीकडची बाई शांत होती, इंग्रजीत बोलली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला की ताप सेल्सिअसमध्ये किती. रोज पोरांकडून करून घ्यायचो ते गणित मला सुचेना. बायकोने भिंतीला लावलेल्या कॅलेंडरवर पेनाने मांडलं: १०४ वजा ३२, बहात्तर, गुणिले पाच, भागिले नऊ. चाळीस. मग त्या बाईने विचारलं, श्वास नीट चालू आहे का, पाणी पितो आहे का, हाक मारली की बघतो आहे का. आणि सांगितलं की जीव धोक्यात नसेल पण रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७ लावायचा. तो आकडा आजही त्या कॅलेंडरच्या पानावर आहे, पान आम्ही जपून ठेवलं आहे. हा एक नंबर विमानातून उतरल्या दिवशी कोणी हातात ठेवला असता तर ती रात्र वेगळी गेली असती. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ शोधायला बसलो. नऊ दवाखान्यांनी नवीन पेशंट घेत नाही म्हणून सांगितलं, दहाव्याने घेतलं.

ताप तीन दिवसांनी आपोआप उतरला. इथले डॉक्टर पोराला उगाच अँटिबायोटिक देत नाहीत, आराम करू द्या, पाणी पाजा, तीन दिवस बघा, म्हणतात. तेव्हा मला तो डॉक्टर निष्काळजी वाटला होता. आता नाही वाटत. पण हेही कोणी तरी आपल्या भाषेत, आपल्या माणसाने समजावून सांगावं लागतं.

लसीच्या कार्डाचंही तसंच. इथे मार्च २०२० पासून गोवराचा कायदा आहे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक आणि दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन डोस झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय किटात घेत नाहीत. मुलीचे डोस झालेले होते, पण आमच्या चिंचवडच्या डॉक्टरांचं अक्षर आणि ते 'एमएमआर'वरचे, म्हणजे गोवराच्या लसीवरचे, शिक्के किटातल्या कोणाला लागेनात. त्यात तिचे दोन आठवडे गेले. पुढे डिसेंबरात मुलाच्या वेळी, गणपतीत माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या काकू माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. बँकेतली अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या. त्यांनी कार्ड रिसेप्शनवरच्या मुलीपुढे ठेवलं, बोटाने दोन तारखा दाखवल्या, तिने ते आत डॉक्टरकडे नेलं आणि दोन्ही डोस पिवळ्या लस-पुस्तिकेत उतरून शिक्क्यासकट परत आणले. सगळं मिळून पंधरा मिनिटं. बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, "मला आधी का नाही बोलावलंत?" मला त्या आधी माहीतच नव्हत्या, हे उत्तर त्यांना मी दिलं नाही.

मंडळ काय करू शकतं हे मला त्या पंधरा मिनिटांत कळलं. त्याला हॉल लागत नाही, प्रायोजक लागत नाहीत.

किटात मूल रुळवण्याच्या प्रकाराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली आणि तिची किंमत पोराने मोजली. आइनगेवॉनुंग म्हणतात त्याला. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर खोलीत बसतो, रोज तासभर. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. किटाच्या ताईंनी मला कोपऱ्यातली एक बुटकी खुर्ची दिली आणि खुणेने सांगितलं, तुम्ही खेळायचं नाही, त्याला ढकलायचं नाही, तो आला तर जवळ घ्यायचं, गेला तर जाऊ द्यायचं. तीन दिवस मी त्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलो. मुलगा आधी मांडीवरून उतरेना, मग माझ्या बुटाला एक हात लावून दुसऱ्या हाताने लाकडी आगगाडी ओढायला लागला, तिसऱ्या दिवशी बूटही सोडला. चौथ्या दिवशी पहिल्यांदा बापाने थोडा वेळ बाहेर जायचं असतं. आपल्याकडे काय करतात? पोराचं लक्ष नाहीसं बघून हळूच सटकतात. माझ्या आईने मला तसंच सोडलं होतं, मीही तेच केलं. तो गाडीच्या डब्यांत गुंतला होता, मी पाय न वाजवता निघालो.

ताई माझ्या मागे बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, पण मला आत परत नेलं. जाताना सांगून जायचं असतं, डोळ्यात बघून, च्युस, म्हणजे 'येतो', म्हणून, तो रडला तरी. त्याला कळलं पाहिजे की बाबा गेला आणि सांगून गेला, म्हणजे सांगितल्याप्रमाणे येईल. पण तोवर मुलाने मान वर करून रिकामी खुर्ची पाहिली होती. पुढचे दोन आठवडे तो माझा स्वेटर मुठीत धरून बसायचा, घरी संडासाच्या दाराबाहेरसुद्धा उभा राहायचा. जे दहा दिवसांत व्हायचं ते पाच आठवडे चाललं. त्या गणपतीच्या हॉलमध्ये किटातून मुलं रुळवलेले कमीत कमी पन्नास आई-बाप होते. कढीपत्ता कुठल्या दुकानात ताजा मिळतो हे मला त्यातल्या चौघांनी सांगितलं. जाताना सांगून जा, हे कोणी सांगितलं नाही. तो त्यांचा दोष नाही, असं काही बोलायची ती जागाच नव्हती. तशी जागा असावी, म्हणून लिहितो आहे.

मुलगी किटात बोलेचना. जून ते ऑक्टोबर, एक शब्द नाही. घरी अखंड बडबड आणि तिथे तोंडाला कुलूप. ताई सांगायच्या, काळजी करू नका, ती ऐकते आहे, साठवते आहे. मला झोप लागायची नाही. गणपतीतच एका गृहस्थांनी, अगदी कळकळीने, सल्ला दिला की घरी मराठी बंद करा, जर्मनच बोला, म्हणजे पोर लवकर सुधारेल. आम्ही आठवडाभर तसा प्रयत्न केला. आम्हा दोघांचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून मुलगी घरीही गप्प व्हायला लागली. ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दुभाषा बोलावून आम्हाला बसवलं आणि बजावलं: घरी तुमचीच भाषा बोला, जी तुम्हाला पूर्ण येते ती, गोष्टी सांगा, भांडा, गाणी म्हणा, जर्मन आमच्यावर सोडा. ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी मी तिला घ्यायला गेलो तर ती झोक्यावर होती. ढकलणाऱ्या ताई थांबल्या तशी ती मोठ्याने ओरडली, "नॉखमाल!" म्हणजे पुन्हा. तिचा किटातला पहिला शब्द. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले.

माझी विनंती आहे की घरी मराठी बंद करा हा सल्ला मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात कोणी कोणाला देऊ नये, आणि कोणी दिला तर जवळच्या माणसाने तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

मराठीच्या वर्गाबद्दलही बोलायचं आहे. महिन्यातून एका रविवारी दोन तास मुळाक्षरं गिरवून मूल मराठी शिकत नाही, हे शिकवणाऱ्या ताई-दादांनाही माहीत आहे. ते त्यांचा सुट्टीचा दिवस देतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या वर्गात आपण मराठी ही जपून ठेवायची वस्तू म्हणून देतो. ती इथल्या शाळेत रोज उपयोगी पडते हे मुलांना दाखवत नाही.

याच वर्षीचं उदाहरण देतो. मुलगी आता दुसरीत आहे. इथे पहिलीत वीसपर्यंत आणि दुसरीत शंभरपर्यंत आकडे शिकवतात. जर्मनमध्ये पंचवीसला 'फ्युन्फ-उंड-ट्सवान्त्सिश' म्हणतात, पाच आणि वीस. एकक आधी, दशक नंतर. त्यामुळे वर्गातली पुष्कळ मुलं ऐकताना पाच आधी ऐकतात आणि ५२ लिहून मोकळी होतात, जर्मन घरातली मुलंसुद्धा. मुलीचं तसं होईना. बाईंनी विचारलं, तुला हे कसं जमतं? ती म्हणाली, आमच्या भाषेत असंच आहे. पंचवीस म्हणजे पंच आणि वीस, बत्तीस म्हणजे दोन आणि तीस. बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि तिने सगळ्या वर्गाला बावीस, तेवीस, चोवीस म्हणून दाखवलं. नवावर मात्र ती अडखळते, कारण आपण एकोणतीस म्हणतो, तिसाला एक उणा, आणि जर्मन लोक नऊ-आणि-वीस म्हणतात. पहिल्यांदा तिने २९ च्या जागी ३९ लिहिलं होतं. तिची चूक बघून मला शिक्षक म्हणून फार आनंद झाला, कारण पोर दोन भाषांमध्ये उभं राहून विचार करतं आहे हे त्या एका आकड्यात दिसत होतं.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्याच गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. जोडाक्षरांनी मुलं बिचकतात, म्हणून तो बदल होता. मी स्वतः तेव्हा शाळेत त्या बदलाच्या बाजूने बोललो होतो, आणि निगडीतल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांसाठी ते आजही मला पटतं. पण स्टुटगार्टच्या वर्गात माझ्या मुलीला 'बावीस, तेवीस'ने हात दिला. तसंच तो, ती, ते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्याकडेही तीन आहेत. 'ते मूल' म्हणणाऱ्या पोराला 'दास किंड' वेगळं समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक शब्दाचं लिंग काही जुळत नाही, पण वस्तूंना नपुंसकलिंग असू शकतं हे त्याच्या कानात आधीच असतं. आपल्या मराठी वर्गात हे शिकवता येईल. दुसरी-तिसरीच्या मुलांना आकडे दोन्ही भाषांत म्हणायला लावा. बघा, पोरं कशी धावत येतील.

त्याच २०२३ मध्ये दिवाळी आणि इथला सांक्ट मार्टिनचा दिवस लागून आले होते. ११ नोव्हेंबर मार्टिनचा, १२ ला लक्ष्मीपूजन. मार्टिनच्या सुमारास किटातली मुलं कागदाचे कंदील स्वतः करतात आणि अंधार पडल्यावर काठीला लावून, गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. आपला अंगावरचा अर्धा झगा भिकाऱ्याला कापून देणाऱ्या त्या संताची गोष्ट मुलीने घरी येऊन आम्हाला सांगितली, अर्धी मराठीत आणि अर्धी जर्मनमध्ये. तिचा निळा कंदील, त्यावर पिवळ्या कागदाचे तारे, आम्ही लक्ष्मीपूजनाला खिडकीत टांगला. समोरच्या इमारतीतल्या आजींनी दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून विचारलं की मार्टिन तर झाला, कंदील अजून का? मला तेव्हा सांगता आलं नाही. मुलीने सांगितलं.

एक छोटी गोष्ट मध्येच. आमच्या दाराच्या मुठीला एके दिवशी एक पाटी टांगलेली दिसली. कोणी तरी आपल्याबद्दल तक्रार लिहिली आहे असं वाटून बायको दिवसभर अस्वस्थ होती. ती केअरवॉखेची पाटी निघाली, या भागातली जुनी रीत: ज्याच्या दाराला पाटी त्याने तो आठवडा जिना झाडायचा, पुसायचा आणि पाटी शेजारच्या दाराला लावायची. फोनवर वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, आमच्या चाळीत पाळी असायची तसंच." आम्हाला दिवसभर न कळलेलं त्यांना एका क्षणात कळलं. असे आजी-आजोबा दर उन्हाळ्यात इथे येतात, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि ही माणसं चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून दिवस मोजतात. माझी आईही तशीच बसली होती. त्यांच्याकडे वेळ आहे, गोष्टी आहेत, शुद्ध मराठी आहे.

आता मागणं स्पष्टच लिहितो.

आठवड्यातल्या एका दिवशी, समजा मंगळवारी, सकाळी नऊ ते बारा, मंडळाची एक उघडी खोली असावी. मुलांना घेऊन येता यावं, चटया असाव्यात, चहा असावा. नवीन आलेल्याने लसीचं कार्ड, घराचा करार, किटाचं पत्र घेऊन यावं आणि आधी त्यातून गेलेल्या एकाने शेजारी बसून ते वाचून द्यावं. जर्मन येणाऱ्या कोणी एकाने तासभर शिकवावं आणि तेवढा वेळ दुसऱ्याने पोरं सांभाळावीत, म्हणजे घरी बसलेल्या आईला किंवा बापाला निदान सुरुवात करता येईल. आलेले आजी-आजोबा गोष्टी सांगतील. सभासद असण्याची अट नको, आधी वर्गणी मागू नका. मलाही कोणी मागितली नव्हती, पण फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेली होती आणि एक पगार असलेल्या घराला ती अक्षरं मोठी दिसतात.

दुसरं, डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना आणि किटाच्या पहिल्या पालकसभेला बरोबर येतील अशा दहा-बारा जणांची यादी करा. वर्षातून अर्ध्या दिवसाच्या दोन रजा, एवढंच एकेकाकडे मागायचं.

तिसरं नाजूक आहे, तरी लिहितो. मी मुलांसाठी मदत शोधत होतो तेव्हा मला कळलं की अशी सगळी माहिती आयांच्या एका व्हॉट्सअॅप गटात असते. मी विचारलं, तर तो फक्त बायकांचा आहे असं उत्तर आलं. बायकांना आपसात मोकळं बोलायला जागा हवी, हे मला मान्य आहे आणि ती मोडू नये. पण घर सांभाळायला बाप थांबला असेल अशी घरं आता इथे बरीच आहेत. त्यांनी कुठे विचारायचं? गणपतीत 'मग तुम्ही काय करता?' हा प्रश्न मला त्या एका दिवसात अकरा वेळा विचारला गेला. पोरं सांभाळतो म्हटल्यावर पुढचं बोलणं थांबायचं. त्या सात महिन्यांत मी बायकोसमोर एकदा आणि एकटा असताना बऱ्याचदा रडलो आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण हे वाचून दुसऱ्या कोणाला आपण एकटे नाही असं वाटेल.

हे आत्ताच का, असं कोणी विचारेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि आमचं हे राज्य, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. सुरुवातीला दहा हजारांचा आकडा जाहीर झाला होता. किती येतील आणि कधी येतील हे बघायचं. पण येतील ते नर्स असतील, इलेक्ट्रिशियन असतील, प्लंबर असतील, ड्रायव्हर असतील, आणि आज ना उद्या त्यांची बायका-पोरं येतील. बायकोच्या कंपनीने आम्हाला निदान महिनाभराचं घर आणि कागदपत्रांना एक माणूस दिला होता. त्यांच्यामागे तेही नसेल. त्यांना सांगलीतून, नांदेडातून, चंद्रपुरातून थेट या डिसेंबरात यावं लागेल, जिथे सकाळी आठला अजून उजाडलेलं नसतं. मुलगी पहिल्या हिवाळ्यात विचारायची, "रात्रीच शाळेत का जायचं?" तिला जवळ घेऊन उत्तर देणारं कोणी तरी घरी होतं. त्यांच्याकडेही असावं.

तुमच्या अडचणी मला दिसतात. सगळे नोकऱ्या सांभाळून करता, हॉलचं भाडं वाढलं आहे, कामाला तीच ती पाच माणसं असतात. पण इथे संस्था नोंदवायला सात जण लागतात, मंगळवारची खोली उघडायला दोघं पुरतात. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, तेव्हा आमच्या मंडळाला नगरपालिकेकडे तोंड उघडायला जागाही आहे. मी विचारपूस सुरू केली आहे. आमच्या भागातल्या कुटुंब-केंद्रात मंगळवारी सकाळी एक खोली रिकामी असते, भाडं मागत नाहीत, फक्त खुर्च्या जागेवर लावून द्यायच्या. किल्ली घेणाऱ्या दोघांची नावं हवी आहेत. एक माझं लिहा. माझं जर्मन आता बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, झालं आहे, दुपारी एका शाळेत गृहपाठाच्या तासाला मदतनीस म्हणून जातो, सकाळ मोकळी आहे.

शिवाय आमच्या तळघरात दोन खोकी भरून पावसाच्या विजारी, गमबूट आणि बर्फातले जाड सूट आहेत. इथली मुलं पावसातही बाहेर खेळतात आणि नवीन आलेल्या आई-बापांना पहिल्याच आठवड्यात हे सगळं विकत घ्यावं लागतं, तीन महिन्यांत ते पोराला तोकडं होतं. ओळखीच्यांकडून मागून जमवलं, धुतलं, मापाप्रमाणे लावलं आहे: ८६ पासून ११६ पर्यंत, इथे माप पोराच्या उंचीच्या सेंटीमीटरमध्ये असतं. ९८ ची मापं कमी आहेत, कोणाकडे असतील तर कळवा. १०४ ची एक लाल विजार आहे, गुडघ्याला ठिगळ लावलेली, ती मुलीची. झोक्यावरून ओरडली त्या दिवशी तिने तीच घातली होती.

कार्यकारिणीच्या जानेवारीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. मी येऊन बोलायला तयार आहे.

आपला,
एक सभासद आणि दोन मुलांचा बाप
स्टुटगार्ट